दातांवरचे पट्टे पेस्टमुळे की पाण्यामुळे? फ्लोराइडबद्दलचे गैरसमज

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातलं, झरी जामणीकडचं गाव. मुलगी सात वर्षांची. तिचे वरचे पुढचे दोन दात नुकतेच आले आणि त्यांवर खडूनं ओढल्यासारखे आडवे पांढरे पट्टे आहेत, कडेला थोडी पिवळट झाक. धाकटा दीड वर्षाचा, त्याचे दुधाचे दात मात्र मोत्यासारखे. घरात बोअरवरच्या नळाचं पाणी येतं. गावातल्या बायांनी पाणी तपासायच्या किटवर पाहिलं तेव्हा फ्लोराइड लिटरला 2.8 मिलिग्रॅम निघालं. आता कोणी सांगतं, पेस्टमधल्या फ्लोराइडनं दात गेले, पेस्ट टाका आणि राखुंडी लावा. कोणी सांगतं, पाणी उकळून तुरटी फिरवून प्या. म्हातारी माणसं म्हणतात, अख्ख्या गावाचे दात असेच आहेत, त्यानं काय बिघडलं? यात खरं काय, आणि आता करायचं काय?

ताई, आधी दात नीट पाहून घ्या, कारण प्रत्येक डाग फ्लोराइडचा नसतो. मुलीला दाराशी उजेडात बसवा, स्वच्छ फडक्यानं दात कोरडे पुसा आणि समोरून न पाहता थोडं तिरकं पाहा. ओल्या दातावर पट्टा लपतो, कोरड्यावर उठून दिसतो. फ्लोरोसिस म्हणजे जास्त फ्लोराइडनं दात घडतानाच बिघडणं. त्याची खूण अशी की तो जोडीनं येतो. उजव्या दातावर जसा पट्टा, तसाच त्याच उंचीवर डाव्या दातावर. पट्टे आडवे असतात, त्यांच्या कडा धूसर असतात, आणि टोकाला कधी कधी बर्फ पडल्यासारखा पांढरेपणा असतो. एकाच दातावर ठळक डाग असेल आणि शेजारचा दात स्वच्छ असेल, तर बहुतेक वेळा दुधाच्या दाताला मार लागलेला असतो किंवा त्याच्या मुळाशी पू झालेला असतो. हिरडीला लागून खडूसारखा पांढरा चट्टा असेल तर ती किडीची सुरुवात. मोठ्या माणसांत खर्र्याचा (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचा) डाग हिरडीच्या कडेनं आणि खालच्या दातांच्या आतल्या बाजूनं साचतो, तो दवाखान्यात खरवडला की निघतो. फ्लोरोसिसचा डाग दाताच्या टणक आवरणाच्या (इनॅमलच्या) आत असतो, नखानं किंवा ब्रशनं तो हलत नाही. खर्रा खाणाऱ्या बाप्याच्या दातांकडे बोट दाखवून ‘हे बघा पाण्याचे दात’ म्हणणं, किंवा शाळेतल्या पोरीला ‘तू खर्रा खातेस का’ विचारणं, या दोन्ही चुका गावोगाव होतात. तुम्ही वर्णन केलेले दात पाण्याचेच वाटतात. तरी एकदा दंतवैद्याकडून खात्री करून घ्या.

यातला सगळ्यात मोठा गैरसमज वेळेचा आहे. आज दिसणारा पट्टा आजच्या पाण्याचा नसतो. वरचे पुढचे पक्के दात तोंडात येतात सातव्या-आठव्या वर्षी, पण त्यांचं आवरण हिरडीच्या आत तयार होतं पहिल्या चार-पाच वर्षांत. त्यातही साधारण सव्वा ते अडीच वर्षं हा काळ सर्वांत नाजूक. त्या वेळी रक्तातून जास्त फ्लोराइड येत राहिलं तर आवरण नीट पक्कं होत नाही, आतून सच्छिद्र राहतं. म्हणजे तुमच्या मुलीच्या दातांवर जे दिसतंय ते पाच-सहा वर्षांपूर्वीचं पाणी. आज तिचं पाणी बदललं तरी हे दोन दात बदलणार नाहीत. मागच्या काही दातांना थोडाफार फायदा होईल, पण त्यांचीही आवरणं आठव्या वर्षापर्यंत तयार होऊन जातात (अक्कलदाढा तेवढ्या मागे राहतात). दात एकदा बाहेर आला की त्याला नव्यानं फ्लोरोसिस होत नाही. सून लग्न होऊन अशा गावात आली तर तिचे दात तसेच पांढरे राहतात. म्हणून लोक म्हणतात, ‘पाण्यानं होत असतं तर हिला का नाही झालं?’ तिच्या दातांची घडण माहेरच्या पाण्यावर झाली, इतकंच.

म्हणजे आता वाचवायचे दात धाकट्याचे आहेत. त्याचे दुधाचे दात पांढरे आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. दुधाच्या दातांचा बराचसा भाग जन्माआधी आणि जन्मानंतरच्या थोड्या महिन्यांत घडतो. गर्भात वार (प्लॅसेंटा) थोडीफार आड येते, आणि आईच्या दुधात फ्लोराइड अगदी नगण्य असतं. आई 2.8 चं पाणी पीत असली तरी दुधात ते उतरत नाही. म्हणून पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, हा सल्ला अशा गावात दातांच्या दृष्टीनंही मोलाचा. गडबड सुरू होते ती वरच्या खाण्यापासून: पावडरच्या दुधात घातलेलं पाणी, पातळ पेज, वरणाचं पाणी, अंगणवाडीच्या पाकिटाचा शिरा. धाकटा दीड वर्षाचा आहे, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे, पण फार नाही.

आता पेस्टची गोष्ट. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं यात चालतं. दातांवरचे हे डाग पेस्टपेक्षा कितीतरी जुने. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये फ्रेडरिक मॅकेंना ते 1901 साली दिसले, आणि पाण्यातल्या फ्लोराइडशी त्यांचा संबंध 1931 मध्ये रासायनिक तपासणीतून उघड झाला. आपल्या देशात नेल्लोरकडचा हाडांचा फ्लोरोसिस 1937 मध्ये नोंदवला गेला. फ्लोराइडची पेस्ट बाजारात आली ती 1950च्या दशकात. आपल्याकडे तर खेड्यात पेस्ट पोचली त्याहून खूप नंतर.

हिशोब करून पाहा. भारतात पेस्टमध्ये फ्लोराइड 1000 पीपीएमपेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये जास्तीत जास्त 1 मिलिग्रॅम. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट साधारण 0.1 ग्रॅम भरते, तिच्यात 0.1 मिलिग्रॅम. लेकरानं सकाळ-संध्याकाळची सगळी गिळली तरी 0.2 मिलिग्रॅम. तेच दहा किलोचं लेकरू दिवसभरात पाणी, पेज, वरण, भात, चहाचे घोट मिळून एक लिटर पाणी पोटात घेतं असं धरलं, तर 2.8 मिलिग्रॅम. पेस्टच्या चौदा पट. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ठरवलेली वरची मर्यादा वजनाच्या दर किलोला दिवसाला 0.1 मिलिग्रॅम आहे, म्हणजे या लेकराला 1 मिलिग्रॅम. पाण्यानं एकट्यानंच ती जवळपास तिप्पट ओलांडली.

पेस्ट अगदी निर्दोष आहे असंही नाही. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लाट काढली तर ती एक ग्रॅमच्या पुढे जाते, आणि गोड चवीची पेस्ट पोरं चाटून खातात. दोन वेळा तसं झालं तर 2 मिलिग्रॅम सहज पोटात. त्यामुळे सहा वर्षांखालच्या मुलाच्या हातात ट्यूब द्यायचीच नाही, पेस्ट मोठ्यांनी काढून द्यायची. तुमच्या पाण्याचा आकडा 1.5 च्या, म्हणजे आपल्याकडच्या कमाल मर्यादेच्या, वर असेपर्यंत धाकट्याला बिनफ्लोराइडची पेस्ट, किंवा नुसता मऊ ब्रश आणि पाणी, एवढं पुरे. पाणी बदललं की तांदळाच्या दाण्याएवढी साधी पेस्ट सुरू करा. मुलगी सात वर्षांची आहे, थुंकता येतं, तिला वाटाण्याएवढी पेस्ट चालेल. मोठ्यांनी पेस्ट बंद करण्याचं काहीच कारण नाही. ट्यूबवर बारीक अक्षरात ‘सोडियम फ्लोराइड’ किंवा ‘सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट’ लिहिलेलं असेल तर ती फ्लोराइडची. यांतलं काही लिहिलेलं नसेल आणि पीपीएमचा आकडाही नसेल तर ती बहुधा बिनफ्लोराइडची.

राखुंडी, मीठ-कोळसा, विटकरीचा भुगा, लाल मंजन यांनी फ्लोराइड टळतं खरं, पण आवरण घासलं जातं. आधीच सच्छिद्र असलेल्या दातावर ते करणं म्हणजे भुसभुशीत भिंतीवर खरारा फिरवणं. कडुनिंबाची काडी मऊ चावून हळू फिरवली तर हरकत नाही, पण दोन दातांच्या मधल्या फटीत ती पोचत नाही. गोंदिया-गडचिरोलीकडे गुडाखू लावतात, त्यात तंबाखू असतो. दात घासण्याच्या वस्तूंत तंबाखू घालायला आपल्याकडे 1992 पासून बंदी आहे, तरी गुडाखू सर्रास मिळतो. फ्लोराइडच्या भीतीनं पेस्ट सोडून कोणी गुडाखूकडे वळलं तर तो फार महाग सौदा.

व्हॉट्सॲपवर आणखी एक गोष्ट फिरते: ‘विदेशात तर सरकारच पाण्यात फ्लोराइड टाकतं, मग आपल्याकडे ते विष कसं?’ आणि त्याचीच उलटी: ‘फ्लोराइड विष आहे, विदेशात पाण्यात मिसळून लोकांना मारतात.’ दोन्हीत आकडा गाळलेला असतो. अमेरिकेत पाण्यात मिसळायची शिफारस लिटरला 0.7 मिलिग्रॅमची आहे. तुमच्या नळाला निसर्गानंच त्याच्या चौपट मिसळून दिलंय. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात 1 मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. दाताच्या पृष्ठभागावर थोडं फ्लोराइड असलं की किडीच्या आम्लात दात लवकर विरघळत नाही. लहानपणी पोटातून जास्त गेलं की दात घडतानाच बिघडतो. पदार्थ एकच, फरक मात्रेचा, वयाचा आणि वाटेचा.

पाण्याबद्दल मात्र इतके गैरसमज आहेत की थोडं सविस्तर लिहावं लागेल.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट वाढतं. उकळताना वाफ उडते, फ्लोराइड भांड्यात राहतं. पाच लिटरचे चार लिटर झाले तर 2.8 चं 3.5 होतं. उकळणं जंतूंसाठी आहे. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, क्लोरीनचे थेंब, यूव्हीचा दिवा, कँडलचा फिल्टर, कोळशाचा फिल्टर, कपड्यानं गाळणं, माठात रात्रभर ठेवणं, तांब्याच्या भांड्यात ठेवणं, यांतल्या कशानंही फ्लोराइड कमी होत नाही. ग्रामपंचायतीला मिळालेलं हिरवं कार्ड हे स्रोताच्या आजूबाजूच्या स्वच्छतेच्या पाहणीवर दिलेलं असतं. बोअरच्या कडेला डबकं नाही, ओटा फुटलेला नाही, टीसीएल टाकलं जातं, एवढं ते सांगतं. खडकातून विरघळून आलेल्या फ्लोराइडबद्दल ते काही बोलत नाही. हिरव्या कार्डाच्या गावात फ्लोराइड जास्त असू शकतं.

तुरटीचं थोडं वेगळं आहे, कारण त्या समजुतीत अर्धं सत्य आहे. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची पद्धत आपल्या नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं 1970च्या दशकात विकसित केली, तिला नलगोंडा तंत्र म्हणतात. पण तिथे तुरटी लागते लिटरमागे काही शे मिलिग्रॅम, म्हणजे वीस लिटरच्या बादलीला कित्येक ग्रॅम, आणि सोबत तुरटीच्या साधारण विसाव्या हिश्शाइतका चुना. नेमकी मात्रा पाण्यात फ्लोराइड किती आणि क्षारता किती, दोन्ही पाहून काढतात. मग आधी जोरात, नंतर दहा मिनिटं हळूहळू ढवळायचं, तासभर निवळू द्यायचं आणि वरचं पाणी तळ न हलवता काढून घ्यायचं. गुंडात तुरटीचा खडा तीनदा फिरवला तर गाळ बसतो, फ्लोराइड जागच्या जागी राहतं. आणि अंदाजानं मूठभर तुरटी टाकली तर पाणी आंबट-तुरट होतं, ॲल्युमिनियम आणि सल्फेट वाढतं. मात्रा कोणी ठरवून देणारं आणि रोज लक्ष ठेवणारं असेल तर सामुदायिक टाकीवर ही पद्धत चालते. घरच्या घरी करू नका असाच सल्ला राहील.

‘आमच्या बोअरचं पाणी गोड आहे, डाळ पटकन शिजते, साबणाला फेस येतो, मग खराब कसं?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि यातली गंमत अशी की नेमकं हेच लक्षण संशयाचं असू शकतं. डाळ न शिजणारं, साबण फाटणारं पाणी म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेलं जड पाणी. कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी बांधलं जाऊन खाली बसतं, पाण्यात फार वाढत नाही. उलट ज्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट जास्त, ते पाणी मऊ, जिभेला गोडसर, डाळीला उत्तम, आणि त्यातच फ्लोराइड जास्त विरघळून राहतं. म्हणजे प्रत्येक मऊ पाणी वाईट असं नाही. पण चव, रंग, वास, डाळ, साबण यांवरून फ्लोराइड ओळखता येत नाही, तपासावंच लागतं.

तसंच टीडीएस मीटरचं. फिल्टर विकायला येणारा माणूस पाण्यात ती पेनासारखी कांडी बुडवतो, 600 दाखवतो आणि ‘बघा, फ्लोराइड’ म्हणतो. ती कांडी पाण्यातले सगळे क्षार एकत्र मोजते. त्या 600 मध्ये फ्लोराइड 3 असलं काय आणि 0.3 असलं काय, कांडीला कळत नाही. खारपाणपट्ट्यात टीडीएस प्रचंड असूनही फ्लोराइड कमी असू शकतं, आणि तुमच्याकडे टीडीएस 500 असूनही ते जास्त असू शकतं.

फ्लोराइड खरोखर काढतं ते आरओ. चांगली मेम्ब्रेन (आतला गाळणारा पडदा) असेल तर साधारण 85 ते 95 टक्के. म्हणून गावात पाच-दहा रुपयांत वीस लिटरची कॅन देणारं यंत्र असेल तर तो चांगला मार्ग आहे, पण तीन ठिकाणी तो फसतो.

पहिलं, कॅनचं पाणी थंड आहे म्हणजे आरओचं आहे असं नाही. काही ठिकाणी बोअरचंच पाणी फक्त गार करून विकतात. पाणी विकणाऱ्याला टीडीएस नाही, फ्लोराइडचा रिपोर्ट मागा. दुसरं, आरओचं पाणी बेचव लागतं म्हणून यंत्राला एक बारीक व्हॉल्व्ह असतो, त्यातून थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. 2.8 चं पाणी आरओतून 0.3 वर आलं आणि त्यात तीस टक्के कच्चं मिसळलं तर पुन्हा 1.05 होतं. निम्मं मिसळलं तर 1.5 च्या पुढे. इथे मात्र टीडीएसची कांडी कामाची. कच्च्या पाण्याचा टीडीएस 600 आणि कॅनच्या पाण्याचा 60 च्या आसपास असेल तर यंत्र नीट काढतंय. तोच आकडा महिन्या-दोन महिन्यांत 200 वर चढला तर मेम्ब्रेन संपत आली किंवा व्हॉल्व्ह उघडलाय.

तिसरी चूक घरातली, आणि सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. कॅनचं पाणी फक्त प्यायला, आणि वरण, भात, चहा, कणीक बोअरच्या पाण्यात. भात पाणी पिऊन फुगतो, त्या पाण्यातलं फ्लोराइड दाण्यात राहतं. वरण आटवलं की ते आणखी दाटतं. लहान मूल पाणी पितं थोडं, पण त्याचं सगळं खाणं पातळ असतं. म्हणून स्वयंपाकही चांगल्याच पाण्यात हवा. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी 8 ते 10 लिटर धरतात, पाच माणसांना 40 ते 50 लिटर. एवढ्या कॅन रोज परवडत नसतील तर क्रम लावा: आधी आठ वर्षांखालच्या मुलांचं पिणं आणि त्यांचं जेवण, मग सगळ्यांचं पिणं, मग चहा आणि वरण-भात. अंघोळ, कपडे, भांडी, चूळ भरणं बोअरच्या पाण्यात चालतं. कातडीतून फ्लोराइड आत जात नाही. अंगणवाडीत आणि शाळेत खिचडी कोणत्या पाण्यात शिजते तेही विचारा, कारण तुमच्या घरातली काळजी तिथे दुपारी पुसली जाते. घरात आरओ बसवलाच तर त्याच्या बाहेर टाकलेल्या पाण्यात फ्लोराइड जास्त दाट असतं. ते गोठ्यात देऊ नका, संडासला किंवा अंगण धुवायला वापरा. जनावरांनाही फ्लोरोसिस होतो. बैलबाजारात दोनदाती की चारदाती पाहायला जबडा उघडतात तेव्हा तपकिरी पट्टे दिसले तर ते जनावर कुठलं पाणी पिऊन वाढलं ते कळतं.

पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसतंच. स्वच्छ टिनाचं छप्पर असेल तर वीस चौरस मीटरवर 900 मिलिमीटर पाऊस पडला, पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं, तरी चौदा हजार लिटरच्या वर पाणी मिळतं. पाच माणसांना माणशी आठ लिटरप्रमाणे ते जवळपास वर्षभर पुरेल. अडचण टाकीची. पण एक हजार लिटरची टाकीसुद्धा फक्त धाकट्याचं पिणं आणि जेवण यासाठी ठेवली तर कित्येक महिने निघतात. पहिले दोन-तीन पाऊस वाहू द्या, टाकीला झाकण आणि जाळी लावा, आणि प्यायच्या आधी पाणी उकळा. इथे उकळणं योग्य, कारण भीती जंतूंची आहे. कवेलूच्या छपराचं पाणी मात्र शेवाळ आणि धुळीमुळे प्यायला नको.

खाण्यात फारसं नाटक करायची गरज नाही. दूध, ताक, तीळ, शेवग्याचा पाला, तरोट्याची भाजी यांतलं कॅल्शियम पोटात फ्लोराइडला धरून ठेवतं, आणि अंगात कमतरता असेल तर तेच पाणी जास्त बाधतं. आवळा, लिंबू चांगलेच. चिंचेबद्दल हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांना असं दिसलं होतं की रोज 10 ग्रॅम चिंच खाणाऱ्या मुलांच्या लघवीतून फ्लोराइड जास्त बाहेर पडतं. तेवढ्यावरून ‘हंड्यात चिंच टाकली की पाणी शुद्ध’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. कोरा चहा मात्र कमी करा. चहापत्तीत स्वतःचं फ्लोराइड असतं आणि बोअरच्या पाण्यात तो उकळला की भर पडते. लहान मुलांना तर चहा नकोच.

‘फ्लोराइडच्या गावात दात किडत नाहीत’ हेही अर्धवट. हलक्या फ्लोरोसिसच्या दाताला कीड थोडी कमी लागते. पण खड्डे पडलेल्या दातात बिस्किटाचा लगदा अडकून बसतो आणि तो लवकर किडतो. कीड म्हणजे किडा नव्हे. भुईरिंगणीच्या बियांचा धूर देऊन कानातून, दातातून ‘किडे’ काढून दाखवणारे फिरतात, त्यांच्या ताटलीत पडतात ते बियांतलेच तुकडे. ठणका थांबल्यासारखा वाटतो, भोक तसंच राहतं. मुलीला जर दोन-चार दात किडलेले असतील तर दंतवैद्य दातावर फ्लोराइडचं वार्निश लावायला सांगू शकतात. त्याला घाबरू नका. ते सहा महिन्यांतून एकदा, दोन-चार थेंब, दातावर चिकटणारं. रोजच्या पाण्याशी त्याची तुलना नाही.

मुलीच्या पट्ट्यांचं काय करायचं? सध्या काहीच नाही. लिंबू, सोडा, तेजाब चोळू नका. आज ते पांढरे आहेत. आवरण सच्छिद्र असल्यानं चहा आणि मसाल्यांचे रंग त्यात शिरतात आणि बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत ते तांबूस होऊ शकतात. तपकिरी रंग दात उगवल्यावर चढतो, त्यामुळे तो बऱ्यापैकी उतरवता येतो. डाग वरवरचा असेल तर आम्ल आणि बारीक प्युमिसची पेस्ट वापरून आवरणाचा अगदी पातळ थर घासून काढतात, त्याला मायक्रोअब्रेजन म्हणतात. खोल डागांवर राळेसारखा पदार्थ आत मुरवतात किंवा दाताच्या रंगाचं कंपोझिट लावतात. ब्लीचिंगमध्ये आधी पांढरे चट्टे जास्त उठून दिसतात हे माहीत असू द्या, नाहीतर मुली घाबरतात. दातावर कायमची चकती, म्हणजे व्हेनियर, अठराच्या आधी नको, कारण दाताची नस मोठी असते आणि हिरडीची पातळी अजून बदलत असते. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी हे उपचार होतात. आत्ता तिला वर्गात कोणी चिडवत असेल तर बाईंना सांगून ठेवा की हे दात न घासल्याचे नाहीत.

म्हाताऱ्या माणसांच्या ‘काय बिघडलं’ला एक उत्तर आहे. दात घरातल्या एकाचे दिसतात, पाणी सगळ्यांच्या पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लिटरला 3 ते 6 मिलिग्रॅमचं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्यावर हाडांवर परिणाम दिसू शकतो. तुमचं 2.8 उंबरठ्यावर आहे. सासू-सासऱ्यांना तीन गोष्टी करायला सांगा: गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरणं, हनुवटी छातीला टेकवणं, दोन्ही हात डोक्यामागे नेणं. तिन्हीत अडकत असेल तर ते नुसतं वय म्हणून सोडू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि पाण्याचा आकडा सोबत सांगा. केंद्र सरकारचा फ्लोरोसिस नियंत्रणाचा कार्यक्रम 2008-09 पासून आहे, तिथे या चाचण्या ठाऊक असतात.

शेवटी किटच्या 2.8 बद्दल. किटमध्ये रंग तक्त्याशी जुळवून पाहतात, आणि 1 चा रंग कुठे संपतो, 1.5 चा कुठे सुरू होतो हे डोळ्याला नीट कळत नाही. 2.8 म्हणजे नक्की जास्त आहे, पण अर्ज करायला प्रयोगशाळेचा कागद लागेल. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्या, काचेच्या नको, कारण फ्लोराइड काचेशी क्रिया करतं. नळ किंवा हापशी पाच मिनिटं वाहू द्या, बाटली त्याच पाण्यानं तीनदा खंगाळा, काठोकाठ भरा. बाहेर गाव, स्रोत, तारीख लिहा आणि ग्रामपंचायतीमार्फत जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत पाठवा. एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर, कारण पाण्याची पातळी बदलते तसा आकडाही बदलतो. त्याच फेरीत गावातल्या जुन्या, वापर सुटलेल्या विहिरीचा नमुनाही पाठवा. उथळ विहिरीत फ्लोराइड बहुधा खोल बोअरपेक्षा कमी निघतं. ते 1 च्या खाली निघालं तर गाळ काढून, कठडा बांधून, टीसीएल टाकून ती विहीर फक्त पिण्या-रांधण्यासाठी पुन्हा सुरू करता येईल, आणि धाकट्याच्या कॅनचे पैसे वाचतील.